अमेरिकेतील वादकांचा महासंघ एवढा बलवान कसा झाला, आणि पुढे खचला तो कशामुळे?

रास्तापेठकर (प्रश्न)

पुण्यातील बँडपथकांविषयी एक दीर्घ लेख लिहिण्याची तयारी सध्या करीत आहे. वरातीतून बँड हळूहळू कसा मागे पडला आणि त्याची जागा डीजेने कशी घेतली, हा त्या लेखाचा विषय आहे. या कामात जुन्या वादकांशी बोलताना एक वाक्य वारंवार ऐकू आले, ते असे की ‘आमची धड संघटना असती, तर ही वेळ आली नसती’. म्हणून जिथे वादकांची खरोखर बलाढ्य संघटना होती, तिथे काय झाले, हे पाहावे असे वाटले आणि अमेरिकेतील वादकांच्या महासंघाचा इतिहास वाचायला घेतला.

वाचून समाधान होण्याऐवजी गोंधळच वाढला. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या या महासंघाने १ ऑगस्ट १९४२ पासून देशभरातील व्यावसायिक ध्वनिमुद्रण बंद पाडले आणि ते दोन वर्षांहून अधिक काळ बंद ठेवले. महायुद्ध चालू असताना खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तार करून विनंती केली, तरी महासंघाचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो मागे हटले नाहीत, आणि शेवटी कंपन्यांनाच अटी मान्य कराव्या लागल्या. असा दरारा असलेल्या संघटनेचा जोर पुढच्या दहा-पंधरा वर्षांतच ओसरलेला दिसतो. सदस्यसंख्या १९७० च्या दशकापर्यंत वाढत जाऊन तीन लाखांच्या पुढे गेली होती हे खरे, परंतु आज ती एक लाखाच्याही खाली आहे.

यंत्र आले आणि वादक गेला, एवढे सरळ उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण यंत्र तर महासंघाच्या जन्मापूर्वीच आले होते. मग हा विजय नेमका कुठे वाया गेला? कायद्याने संघटनेचे हात बांधले, आपसांत फूट पडली, की मुळात मागणीच चुकीची होती? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी पाने

प्रश्न उत्तम आहे. उत्तराची सुरुवात १९४२ पासून न करता निदान पन्नास वर्षे मागे जाऊन करावी लागेल, कारण या महासंघाची ताकद आणि दुबळेपणा या दोन्हींची मुळे त्याच्या जन्मकाळात आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लहानमोठ्या प्रत्येक गावाचा स्वतःचा ब्रास बँड असे. उद्यानातील सायंकाळचा कार्यक्रम, निवडणुकीची मिरवणूक, अग्निशामक दलाचा वार्षिक समारंभ, अंत्ययात्रा, यांपैकी काहीही बँडवाचून पार पडत नसे. त्या काळाचा नायक म्हणजे जॉन फिलिप सूझा. (गोव्याच्या वाचकांना हे आडनाव परके वाटू नये, त्याचे वडील पोर्तुगीज वंशाचे होते आणि अमेरिकी नौसैनिकांच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवीत.) सूझाने १८८० ते १८९२ या काळात त्याच बँडचे नेतृत्व केले, आणि नंतर स्वतःचा बँड काढून जगभर दौरे केले.

परंतु सूझासारखा एखादा सोडला, तर बाकीच्या वादकांची अवस्था अशी होती की दिवसा सिगारेट वळायच्या किंवा न्हाव्याचे दुकान चालवायचे आणि संध्याकाळी कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे पितळी वाद्य) हाती घ्यायचे. १८८६ मध्ये वादकांची एक राष्ट्रीय लीग स्थापन झाली होती. तिच्या पुढाऱ्यांना स्वतःला कामगार म्हणवून घेणे कमीपणाचे वाटे. आपण कलावंत आहोत, सुतार-गवंड्यांच्या पंगतीला कसे बसणार, असा त्यांचा पवित्रा होता. सॅम्युअल गॉम्पर्स यांच्या अमेरिकी कामगार महासंघात सामील होण्याचे निमंत्रण ही लीग टाळत राहिली. अखेर गॉम्पर्स यांनीच १८९६ मध्ये इंडियानापोलिस येथे बैठक बोलावली आणि तिथे नवा महासंघ जन्माला आला. वादनासाठी जो पैसे घेतो तो व्यावसायिक वादक, अशी सरळ व्याख्या त्याने केली. कोण किती चांगले वाजवतो, हा प्रश्नच त्यामुळे उरला नाही. लीग थोड्याच वर्षांत संपली.

महासंघाची कार्यपद्धती साधी होती. प्रत्येक शहरात एक स्थानिक शाखा असे आणि तिचे दरपत्रक छापलेले असे: मिरवणुकीचा दर इतका, नृत्याच्या रात्रीचा इतका, तालमीचा इतका. त्याहून कमी पैशांत वाजवणाऱ्याला दंड होई किंवा शाखेतून काढून टाकले जाई, आणि काढून टाकलेल्याबरोबर इतर सदस्य वाजवीत नसत. ज्या नाट्यगृहात सर्व वादक सदस्य आहेत, तिथे बिगरसदस्याला खुर्चीच मिळत नसे. खरी धार होती ती या बंदिस्तपणात. जोसेफ वेबर हे क्लॅरिनेटवादक १९०० पासून, मधला अल्प खंड वगळता, १९४० पर्यंत अध्यक्ष होते. त्यांनी हीच चौकट देशभर घट्ट केली.

त्यांचा सुरुवातीचा मोठा शत्रू ग्रामोफोन नव्हता. तो होता लष्करी बँड. सरकारी पगार, सरकारी गणवेश आणि सरकारी वाद्ये घेऊन सैनिक-वादक शहरात येत आणि निम्म्या दराने कार्यक्रम करीत. महासंघाने या प्रश्नावर वर्षानुवर्षे काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, पाठपुरावा केला आणि १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्यात सैनिकांनी नागरी व्यवसायात अशी स्पर्धा करू नये, हे कलम आले. समोरचा स्पर्धक माणूस असेल, तर त्याला दरपत्रकाने किंवा कायद्याने अडवता येते, हा धडा महासंघाने त्यातून घेतला, आणि तो जरा जास्तच पक्का घेतला, असे माझे मत आहे.

ग्रामोफोनविषयीचा निर्णायक क्षण महासंघाच्या हातून निसटला तो १९०९ मध्ये. त्याआधी १९०६ मध्ये सूझाने यांत्रिक संगीताच्या धोक्याविषयी एक गाजलेला लेख लिहिला होता आणि काँग्रेसच्या समितीपुढे साक्षही दिली होती. विनोद असा की त्याच्याच बँडच्या तबकड्या त्या वेळी जोरात खपत होत्या. मात्र सूझा तिथे वादक म्हणून गेला नव्हता. तो गेला होता संगीतकार म्हणून. १९०९ च्या कायद्याने त्याला हवे होते ते दिले: प्रत्येक यांत्रिक प्रतीमागे रचनाकाराला दोन सेंट. ज्याने ती रचना कॉर्नेटवर वाजवली, त्याला काहीही नाही. पुढे १९१४ मध्ये रचनाकारांनी स्वतःची हक्कसंस्था उभारली, तिच्या स्थापनेतही सूझा होता. ती संस्था आजही भरभक्कम आहे, कारण तिच्या पायाखाली कायदा आहे. वादकांच्या पायाखाली केवळ करार होते, आणि करार टिकतो तो समोरच्याला तुमची गरज असेपर्यंतच.

तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला या फरकात दिसते.

मिशिगनकाठी

‘जुनी पाने’ यांनी पाया चांगला घातला आहे. मी शिकागोत राहतो. येथील ग्रँट पार्कमध्ये पेट्रिलो यांच्या नावाचा संगीतमंच आहे, त्यामुळे पुढचा भाग लिहिण्याचा मोह आवरत नाही.

महासंघाचा सुवर्णकाळ मिरवणुकांनी आणला नाही. तो मूकपटांनी आणला. पडद्यावर चित्र आणि पडद्याखाली वाद्यवृंद, अशा व्यवस्थेत देशभरातील चित्रपटगृहांत वीस हजारांहून अधिक वादकांना कायमची नोकरी होती. बँडवाल्याला आयुष्यात प्रथमच दर आठवड्याला पगार मिळू लागला. १९२७ मध्ये बोलपट आला आणि पुढील काही वर्षांत त्यांतील बहुसंख्य वादक रस्त्यावर आले. महासंघाने १९३० मध्ये वृत्तपत्रांतून मोठी जाहिरात मोहीम चालवली. त्या जाहिरातींत एक यंत्रमानव दाखवला जाई आणि डबाबंद संगीताला नकार द्या, असे वाचकांना सांगितले जाई. पाच लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला. प्रेक्षकांनी पाठिंब्याची कूपने भरून पाठवली आणि ते संध्याकाळी बोलपट पाहायला गेले.

या पराभवाच्या छायेत पेट्रिलो वर आले. लहानपणी ते ट्रम्पेट वाजवीत, पण त्यांचे खरे कौशल्य संघटनेचे राजकारण हेच होते. १९२२ पासून शिकागो शाखेचे अध्यक्ष असताना त्यांनी १९३५ मध्ये ग्रँट पार्कमधील विनामूल्य मैफली सुरू करवल्या आणि १९३७ मध्ये शाखेपुरती ध्वनिमुद्रणबंदी करून पाहिली. १९४० मध्ये ते राष्ट्रीय अध्यक्ष झाले.

त्यांचे गणित कळले की १९४२ ची बंदी कळते. शीतकपाट (फ्रिज) आल्यावर बर्फवाल्याचा धंदा बसला, पण ते कपाट काही बर्फवाल्याने बनवले नव्हते. वादक मात्र स्वतःच्या हाताने आपल्या जागी येणारी तबकडी तयार करतो, असे त्यांचे म्हणणे असे. म्हणून तबकडी बनवणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक तबकडीमागे थोडी रक्कम महासंघाच्या निधीत भरावी आणि त्या निधीतून बेकार वादकांना जिवंत कार्यक्रमांचे काम मिळावे, अशी त्यांची मागणी होती. डेका कंपनीने सप्टेंबर १९४३ मध्ये करार केला आणि आरसीए व्हिक्टर व कोलंबिया या दोन बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये नमल्या.

परंतु बंदीच्या आगेमागे तीन गोष्टी घडल्या आणि तिन्ही महासंघाला भोवल्या. गायक महासंघाचे सदस्य नव्हते, त्यामुळे कंपन्यांनी वाद्यांऐवजी पाठीमागे मानवी आवाजांचा समूह उभा करून तबकड्या काढल्या. तोवर बँडच्या नावाखाली गाणारा गायक आता स्वतःच्या नावावर विकला जाऊ लागला. हार्मोनिका हे महासंघाच्या लेखी खेळणे होते, म्हणून तीही खुशाल वाजत राहिली. (नंतर १९४८ मध्ये हार्मोनिकावाल्यांना सन्मानाने सदस्य करून घेतले गेले.)

दुसरी गोष्ट अशी की श्रोत्यांची सहानुभूती गेली. १९४२ च्या उन्हाळ्यात मिशिगनमधील इंटरलॉकन येथील विद्यार्थी-शिबिराच्या वाद्यवृंदाचे रेडिओ प्रसारण पेट्रिलो यांनी बंद पाडले. मुले फुकट वाजवतात म्हणून मोठ्यांचे काम जाते, असा त्यांचा तर्क होता. तर्क चुकीचा नसेलही, पण मुलांच्या ओठांची वाद्ये काढून घेणारा माणूस अशी त्यांची प्रतिमा झाली आणि वृत्तपत्रांनी ती पुढे अनेक वर्षे वापरली.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९४६ चा ली कायदा तर उघडपणे पेट्रिलोविरोधी कायदा म्हणूनच ओळखला जाई. गरजेपेक्षा अधिक वादक नेमण्याची सक्ती रेडिओ केंद्रांवर करणे त्याने गुन्हा ठरवले. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने दोन मोठे घाव घातले. बिगरसदस्याला कामावर न घेण्याची पद्धत त्याने बेकायदा केली आणि कंपन्यांनी थेट संघटनेच्या ताब्यातील निधीत पैसे भरण्यासही मनाई केली. त्यामुळे १९४४ चा विजय कागदावरच रद्द झाल्यासारखा झाला. १९४८ मध्ये जवळजवळ वर्षभर पुन्हा ध्वनिमुद्रणबंदी करावी लागली आणि त्यातून तडजोड निघाली ती अशी, की निधी राहील, परंतु तो चालवील एक स्वतंत्र विश्वस्त.

हा निधी पुढे चांगला चालला. उद्यानांत, शाळांत, रुग्णालयांत त्या पैशांतून हजारो विनामूल्य कार्यक्रम झाले आणि गावोगावच्या ब्रास बँडांना त्यातूनच आधार मिळाला. फूट पडली तीही मात्र याच निधीवरून. तबकड्या आणि चित्रपटसंगीत वाजवणारे वादक संख्येने थोडे आणि बहुतांशी लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क येथे. निधीचा लाभ घेणारे मात्र देशभर विखुरलेले, आणि अधिवेशनात मते त्यांची जास्त. चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवल्याबद्दल मिळणारी रक्कमही वादकांना न देता निधीकडे वळवण्यात आली, तेव्हा लॉस एंजेलिसच्या ४७ क्रमांकाच्या शाखेत १९५६ मध्ये उघड बंड झाले. ट्रम्पेटवादक सेसिल रीड यांनी १९५८ मध्ये स्वतंत्र गिल्ड काढले आणि चित्रपट स्टुडिओंमध्ये वाटाघाटीचा अधिकार महासंघाकडून हिसकावून घेतला. त्याच वर्षी पेट्रिलो अध्यक्षपदावरून उतरले. गिल्ड १९६१ मध्ये महासंघात परतले, परंतु ज्याच्या हाती काम आहे त्याचा आणि ज्याच्या हाती मत आहे त्याचा स्वार्थ एक नाही, हे सर्वांना दिसून चुकले होते.

रास्तापेठकर

दोघांचेही मनापासून आभार. १९०९ चा मुद्दा मला अगदीच नवा आहे. एक शंका मात्र राहते. मोठे बँड मोडले ते १९४२ च्या बंदीमुळे, असे अनेक ठिकाणी ठामपणे लिहिलेले आढळते. ते कितपत खरे मानावे? आणि या महासंघात कृष्णवर्णीय वादकांचे स्थान काय होते? जॅझचा एवढा मोठा भाग त्यांनीच उभा केला असताना महासंघाच्या इतिहासात त्यांची नावे फारशी दिसत नाहीत.

मिशिगनकाठी

बंदीने नुकसान झाले, पण एकट्या बंदीने मोठे बँड मोडले हे मला पटत नाही. महायुद्धात तरुण वादक सैन्यात भरती झाले, पेट्रोल आणि टायर यांच्यावर नियंत्रण आल्याने पंधरा-वीस माणसांना बसमधून गावोगावी नेणे अशक्य झाले, आणि १९४४ मध्ये जिथे नृत्य किंवा गायन होते अशा खानपानगृहांच्या बिलावर आधी तीस टक्के, नंतर काहीसा कमी करून वीस टक्के कर बसवला गेला. मालकांनी नृत्याची जागा बंद करून टेबले मांडली आणि चार-पाच जणांच्या वाद्यसंचावर भागवले. त्यात पगार घेणारे पंधरा वादक कोण पोसणार?

दुसऱ्या शंकेचे उत्तर अप्रिय आहे. अनेक शहरांत शाखा वर्णभेदानुसार वेगळ्या होत्या. शिकागोत कृष्णवर्णीय वादकांची २०८ क्रमांकाची शाखा १९०२ मध्ये निघाली आणि ती गोऱ्यांच्या १० क्रमांकाच्या शाखेत विलीन झाली १९६६ मध्ये. लॉस एंजेलिसमध्ये हे विलीनीकरण १९५३ मध्ये झाले. रेडिओ, स्टुडिओ आणि बडी हॉटेले ही पगाराची कामे गोऱ्या शाखांकडे राहत, आणि कृष्णवर्णीय शाखांच्या वाट्याला उरलेले येई. बंदिस्तपणाची जी धार ‘जुनी पाने’ यांनी सांगितली, तिचे पाते आतल्या बाजूनेही कापत होते. म्हणूनच महासंघाच्या वैभवाच्या गोष्टी वाचताना हे वैभव कोणाचे, हे विचारावेच लागते.

लँकेशायरवासी

चर्चेत थोडा वेगळा सूर लावतो. मी मँचेस्टरजवळ राहतो, आणि ब्रास बँड म्हटले की येथील लोक अमेरिकेचे नावही घेणार नाहीत. येथील उदाहरण तुमच्या लेखाला उपयोगी पडेल असे वाटते, कारण संघटना नसतानाही बँड कसा टिकला, हे त्यात दिसते.

ब्रिटनमध्येही वादकांची संघटना १८९३ मध्ये मँचेस्टरलाच जोसेफ विल्यम्स या क्लॅरिनेटवादकाने स्थापन केली. मात्र ती नाट्यगृहे आणि संगीतशाला यांमधील पोटार्थी वादकांची होती. कापडगिरण्या आणि कोळसाखाणी यांच्या गावांतील ब्रास बँड तिच्या बाहेरच राहिले. इतकेच नव्हे, तर उद्यानांत आणि समुद्रकिनाऱ्यावरील पर्यटनस्थळी हे हौशी बँडवाले थोडक्या मोबदल्यात वाजवतात आणि आमचे दर पाडतात, अशी संघटनेची कायमची तक्रार असे.

या बँडवाल्यांचे पोट वाद्यावर नव्हतेच. क्वीन्सबरी येथील गिरणीमालक जॉन फॉस्टर यांनी १८५५ मध्ये गावच्या बँडला आश्रय दिला आणि ब्लॅक डाइक मिल्स बँड उभा राहिला. वादकाची नोकरी गिरणीत, तालमीची खोली गिरणीची, वाद्येही गिरणीची. १८४० च्या दशकात अडॉल्फ साक्स याची एकाच कुळातील लहानमोठी वाद्ये इंग्लंडमध्ये पोहोचली. सर्वांना झडपा तीनच आणि बोटे ठेवण्याची रीतही एकच, त्यामुळे कॉर्नेटवाल्याला उद्या हॉर्न हाती दिला तरी अडत नसे. शिफ्ट संपवून आलेल्या कामगाराला शिकता येईल अशी ही व्यवस्था होती. १८५३ पासून मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात वार्षिक स्पर्धा सुरू झाली आणि १८६० मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये राष्ट्रीय पातळीवर भरली. संघटनेने जे काम अमेरिकेत केले, ते येथे स्पर्धेने केले, असे मी म्हणेन. वादक कोणत्या बँडचा, उसना वादक चालेल की नाही, वाद्ये कोणती आणि किती, हे सारे नियम स्पर्धेतून आले. पुढे एल्गार आणि होल्स्ट यांच्यासारख्या संगीतकारांनी खास या स्पर्धेसाठी रचना केल्या.

याचा दुबळा भाग असा की आश्रयदाता कोसळला की बँड उघडा पडतो. ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने ३१ खाणी बंद करण्याची योजना जाहीर केली, आणि त्याच महिन्यात ग्रिमथॉर्प खाणीच्या बँडने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. खाण पुढच्या वर्षी बंद झाली. बँड मात्र आजही वाजतो, नावात ‘खाण’ हा शब्द कायम ठेवून. पगार बुडण्याचा प्रश्न नव्हता, कारण पगार कधी नव्हताच. शोधायचा होता तो नवा प्रायोजक आणि तालमीची जागा. व्यावसायिक वादकांच्या संघटनेने १९८२ मध्ये लंडनच्या एका शाखेत सिंथेसायझरवर बंदी घालण्याचा ठराव मांडून पाहिला होता. त्यातून हसे होण्यापलीकडे काही निष्पन्न झाले नाही.

गिरगावकर

मुंबईच्या बाजूने थोडे लिहितो, कारण येथे घड्याळ अगदी उलट फिरले, आणि या विषयाशी आपला खरा संबंध इथे येतो.

अमेरिकेत बोलपटाने वादकाची नोकरी घेतली. आमच्याकडे बोलपटानेच ती दिली. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय बोलपट गाण्यांसकटच जन्माला आला. गाणे म्हटले की साथीला वादक हवेत, आणि नोटेशन वाचून पहिल्याच दिवशी वाजवू शकणारे वादक मुंबईत तयार होते. ते गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या संगीतशाळांत लहानपणीच सूर आणि स्वरलिपी शिकलेले हे वादक मुंबईत पोलिसांच्या आणि लष्करी बँडांत, हॉटेलांत, मूकपटांच्या वाद्यवृंदांत काम करीतच होते. स्वातंत्र्यानंतर हॉटेलातील जॅझ ओसरला तसे ते स्टुडिओकडे अधिकच वळले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि संगीत-संयोजक सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतील मोठी नावे.

या वादकांचीही संघटना झाली. वादकांची श्रेणी ठरे, श्रेणीप्रमाणे शिफ्टचा दर ठरे, आणि शिफ्ट लांबली की जादा पैसे मिळत. साठ-सत्तर वादक एका वेळी ध्वनिमुद्रणाला बसत, त्या काळात या व्यवस्थेला वजन होते. १९८० च्या दशकापासून सिंथेसायझर आणि नंतर संगणक आला आणि एका माणसाच्या खोलीत वाद्यवृंद मावू लागला. तिथे दरपत्रक कोणासमोर धरणार? ‘जुनी पाने’ यांचा मुद्दा येथेही तंतोतंत लागू पडतो. वादकाला शिफ्टचे पैसे मिळाले की व्यवहार संपला. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजले तरी त्यात त्याचा वाटा नसे. भारतीय प्रताधिकार कायद्यात सादरकर्त्याचा हक्क आला १९९४ च्या दुरुस्तीने, आणि व्यावसायिक वापरातील मानधनाचा हक्क स्पष्ट झाला २०१२ च्या दुरुस्तीने. तोवर ते वादक निवृत्त झाले होते, किंवा गेले होते.

आता रास्तापेठकरांच्या वरातीच्या बँडकडे वळतो. तिथे अमेरिकेसारखी संघटना का झाली नाही, याचे कारण मला वादकांच्या आळसात किंवा अज्ञानात दिसत नाही. ते धंद्याच्या रचनेत आहे. अमेरिकी वादकाचा मालक म्हणजे नाट्यगृह, हॉटेल किंवा रेडिओ केंद्र. त्याला रोज वादक लागत, म्हणून त्याला अडवता येई. वरातीचा यजमान आयुष्यात एखाद-दुसऱ्यांदा सुपारी देतो. त्याच्याविरुद्ध संप कसा करणार? बँडचे मालक-मास्तर एकत्र येऊन लग्नसराईचे दर ठरवू शकतात, मिरवणुकीच्या परवानगीसाठी पोलिसांकडे शिष्टमंडळ नेऊ शकतात, आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहाची वेळ आली की काय करायचे यावर तोडगा मागू शकतात. परंतु ती मालकांची संघटना झाली. हंगामापुरता आलेला, गणवेश मालकाचा, वाद्यही बहुधा मालकाचे, आणि पावसाळ्यात शेतावर परतणारा कॉर्नेटवाला त्या संघटनेत कुठे असतो?

पुण्यात ‘प्रभात’, ‘दरबार’ यांसारखे बँड गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत मानाने वाजतात, ते मंडळांशी असलेल्या जुन्या नात्यामुळे. हे उदाहरण मला अमेरिकेपेक्षा लँकेशायरच्या जवळचे वाटते. डीजेला परवानगी नाकारली गेली की बँडला पुन्हा बोलावणे येते, हेही अलीकडे दिसते, पण त्या बोलावण्यावर घर चालत नाही.

रास्तापेठकर

मालकांची संघटना आणि वादकांची संघटना, हा भेद माझ्या टिपणांत कुठेच नव्हता. ज्यांच्याशी मी बोललो, त्यांतील बहुतेक जण मास्तरच होते, हे आता लक्षात येते. पुढच्या फेरीत लग्नसराईपुरत्या येणाऱ्या वादकांना गाठतो. ‘जुनी पाने’ यांना एकच विचारतो: १९०९ मध्ये वादकांचे जे राहिले, ते अमेरिकेत पुढे कधी मिळाले का?

जुनी पाने

अंशतः मिळाले. साध्या रेडिओ केंद्राने तबकडी वाजवली, तर अमेरिकेत आजही रचनाकाराला मानधन मिळते आणि वादकाला मिळत नाही. केंद्रांच्या मालकांनी हा बदल प्रत्येक वेळी काँग्रेसमध्ये रोखून धरला आहे. मात्र १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रसारणापुरता ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र हक्क आला. इंटरनेटवरील आणि उपग्रहावरील रेडिओ वाहिन्यांकडून जी रक्कम गोळा होते, तिच्यातील निम्मी ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, पंचेचाळीस टक्के ज्यांच्या नावे गाणे आहे त्या कलावंताला, अडीच टक्के साथीच्या गायकांना आणि अडीच टक्के साथीच्या वादकांना, अशी वाटणी कायद्यातच लिहिलेली आहे. ते शेवटचे पाच टक्के वाटण्यासाठी जो निधी आहे, तो वादकांचा महासंघ आणि गायक-नटांची संघटना मिळून चालवतात, आणि त्यासाठी वादक महासंघाचा सदस्य असण्याची अट नाही.